नंबर कोणाचा टाकू?

आमच्या अमरावतीच्या घराजवळच्या एटीएममध्ये मी नाकाला पदर लावूनच शिरते. काचेचं दार धड लागत नाही, एसी कधी बंद पडला ते कोणाला आठवत नाही, आणि कोपऱ्यातल्या खर्र्याच्या पिचकाऱ्या मशीनच्या पायापर्यंत आलेल्या असतात. खाली पावत्यांचा सडा. बटणं चिकट. तो चिकटपणा बोटाला लागला की घरी येऊन साबण लावेपर्यंत मी ते बोट बाकीच्यांपासून वेगळं धरून चालते. गल्लीतल्या लोकांना वाटतं, बाईंच्या बोटाला काहीतरी इजा झाली.

मला किळस लवकर येते, हे मान्य. माझी सगळी नोकरी तेल्हारा तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. शाळेची मोरी, मुलांची नाकं, तांदळातल्या अळ्या, सगळं या हातांनी निस्तरलं आणि त्याची कधी किळस आली नाही. लेकराच्या नाकाची काय किळस करायची? मला किळस येते ती मोठ्या, धडधाकट, शिकलेल्या माणसांनी करून ठेवलेल्या घाणीची. गेल्या वर्षी बँकेच्या कार्डांपायी ती इतकी पोटभर आली, की तोंडाची गेलेली चव अजून धड परत आलेली नाही.

झालं असं, की आमच्या विहारातल्या सोळा बायांनी श्रीलंकेला जायचं ठरवलं. बडनेऱ्याहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमानाने कोलंबो, मग बसने कँडी आणि अनुराधापूर. बस, मुक्काम, जेवण याचे पैसे एजंटाला आधीच द्यायचे होते. वरखर्च आणि दानधर्म ज्याचा त्याने पाहायचा होता.

मला त्या दानासाठीच जायचं होतं. अनुराधापूरच्या विहारांत, गेलेल्या माणसाच्या नावाने भिक्खूंना एका दिवसाचं जेवण देता येतं, असं मी ऐकलं होतं. आदल्या दिवशी पैसे भरायचे, दुसऱ्या दिवशी आपल्या हाताने वाढायचं. मला ते माझ्या आईच्या नावाने करायचं होतं. आई हिवरखेडची. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं इतकी फाटायची की माझी वेणी घालताना केस त्यात अडकायचे. मी शिकले ती तिच्या मजुरीवर. तिच्या नावावर आयुष्यात काहीच नव्हतं, ना वावर, ना घर, ना बँकेचं खातं. एक जेवण तरी तिच्या एकटीच्या नावावर असावं, आणि तेही माझ्या पेन्शनच्या पैशातून, एवढीच माझी इच्छा होती. मुलाला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बाबांचं नाव घाल, आजोबांचं घाल, फोटो पाठव. सगळ्यांच्या नावांत माझ्या आईचं नाव पुन्हा शेवटी गेलं असतं.

हे फक्त माझ्या मैत्रिणीला ठाऊक होतं. ती निवृत्त नर्स, आमच्याच गल्लीत राहते, आणि तीही येणार होती. पैसे कसे न्यायचे हा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "मी तं डॉलर घेईन आन् कापडाच्या थैलीत घालून पोलक्यात ठेवीन. मले ते कार्डं-बिर्डं नाई समजत."

मी हसले. म्हटलं, "अगं, जमाना कुठं गेला! पोलक्यात काय ठेवतेस?"

हे हसू मला पुढे चांगलंच महागात पडणार होतं.

माझा स्वभाव मास्तरणीचा. मी चाळीस पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि कार्डांचा अभ्यास सुरू केला. सगळ्यात आधी एजंटाने सांगितलेलं कार्ड. तो म्हणाला, "मॅडम, फॉरेक्स कार्ड घ्या. इथंच पैसे भरा, तिथं फक्त घासा." सगळ्या बायांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "या कार्डात श्रीलंकेचं चलन भरता येतं का?" तो म्हणाला, "डॉलर भरतो ना आपण." म्हणजे माझ्या रुपयांचे आधी डॉलर होणार, त्यात कोणीतरी आपला वाटा खाणार. मग तिथे डॉलरचे पुन्हा श्रीलंकेचे रुपये होणार, त्यात आणखी कोणीतरी खाणार. उरलेले पैसे परत घ्यायचे तर त्याचे वेगळे. हे सगळं मी विचारलं तेव्हा त्याने दात कोरायला सुरुवात केली. कोरलेलं काडीच्या टोकावर धरून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमी लय खोलात जाता." त्याला प्रत्येक कार्डामागे कमिशन होतं, हे मला नंतर कळलं. बाकीच्या पंधरापैकी नऊ बायांनी ते घेतलं.

दुसरं कार्ड मुलाचं. मुलगा अकोल्यात पाटबंधारे खात्यात अभियंता आहे. तो म्हणाला, "आई, माह्या क्रेडिट कार्डावर तुह्या नावाचं जोडकार्ड काढून देतो. विमानतळावर फुकट जेवण भेटते." मी माहितीचा कागद मागवला आणि भिंग घेऊन बसले. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी होती. दुकानात घासलं तर परदेशी चलनाचा अधिभार, त्यावर कर. मशीनमधून रोख काढली तर त्याचं शुल्क निराळं, आणि व्याज त्याच दिवसापासून. एवढं वाचून होईपर्यंत चहावर साय आली. जी गोष्ट सरळ असते ती लोक मोठ्या अक्षरात लिहितात, हे मला पोरांच्या वह्या तपासताना समजलं होतं. चुकलेलं गणित नेहमी बारीक अक्षरात आणि कोपऱ्यात असायचं.

उरलं माझं स्वतःचं, पेन्शनच्या खात्याचं साधं डेबिट कार्ड. त्यालाही अधिभार होता, आणि दर वेळी रोख काढली की ठरावीक रक्कम कापली जाणार होती. तिथल्या बँकेचं शुल्क वेगळं. पण सगळं लिहिलेलं होतं आणि मला समजत होतं. मी ठरवलं: दोन-तीनदाच, मोठी रक्कम काढायची. मशीनने 'भारतीय रुपयांत हिशेब करू का' असं गोड बोलून विचारलं तर 'नाही' म्हणायचं, कारण त्यात त्यांचा मनमानी दर असतो. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहायचा नाही. वहीतल्या शेवटच्या रकान्याखाली मी लाल शाईने दोन रेघा मारल्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

कार्ड परदेशात चालू करून घ्यायला अमरावतीच्या शाखेत गेले तर तिथल्या बाईने मान वर न करता सांगितलं, "तुमची मूळ शाखा तेल्हारा. तिथं जा." साठीच्या बाईने रेल्वेने अकोला आणि अकोल्याहून एसटीने तेल्हारा गाठायचं, एक कळ दाबून घेण्यासाठी. गेले.

तेल्हाऱ्याची शाखा माझ्या ओळखीची. शाळेतल्या मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी आयांची खाती उघडावी लागायची, तेव्हा मी बाया घेऊन इथे यायचे आणि सगळ्यांचे फॉर्म स्वतः भरायचे. रकान्यामागून रकाना, काळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही. तेव्हाचे साहेब माझा फॉर्म इतर शिक्षकांना नमुना म्हणून दाखवायचे. मी बायांना भराभर विचारत जायचे. नाव सांग, गाव सांग, घरच्या माणसाचा मोबाईल नंबर सांग, इथं अंगठा लाव. एका दुपारी वीस-वीस खाती उघडली आहेत मी.

आताचा अधिकारी तरुण होता. टायवर वरणाचा वाळलेला डाग. त्याने माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "सोबत कोणी आलं नाई का, मॅडम?"

"कशाला? कार्ड माझं आहे."

मग त्याने टेबलावरून एक कागद सरकवला. मला वाटलं प्रवासाचा विमा असेल. वाचलं तर वीस वर्षांची विमा पॉलिसी. साठीच्या बाईला वीस वर्षं हप्ते भरायला लावायला निघाला होता हा. मी कागद दोन बोटांनी उचलून त्याच्याकडे परत केला. तो जराही शरमला नाही. म्हणाला, "परदेशाचं आता शाखेत होत नाई. मोबाईलच्या ॲपमधून करा. खात्याले जो नंबर जोडला हाये, त्याच फोनवर ॲप चालते."

खात्याला जोडलेला नंबर माझ्या नवऱ्याचा होता. खातं उघडलं तेव्हा घरात मोबाईल एकच, तो त्यांच्याकडे. ते गेल्यावर मुलाने ते सिमकार्ड आपल्या फोनमध्ये घातलं. "बाबांचा नंबर बंद नाई पडू द्यायचा," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. त्या दिवशी मला त्यात फक्त माया दिसली होती. पुढे मी माझा स्वतःचा फोन घेतला, त्यावर विहाराचा ग्रुप आला, सुनेशी बोलणं आलं, सगळं आलं. बँकेचा नंबर बदलायचं मात्र कधी डोक्यातच आलं नाही. बँकेचे निरोप मुलाला जायचे आणि तो मला सांगायचा, "आई, पेन्शन जमा झाली." मला ती सोयच वाटायची.

तेल्हाऱ्याहूनच मी त्याला फोन लावला. त्याने अकोल्यात बसल्या बसल्या दोन मिनिटांत काम केलं. "झालं आई. परदेशासाठी चालू केलं."

मी म्हटलं, "बरं झालं बाबा तू आहेस."

चाळीस पानी वही, भिंग, लाल रेघा, आणि हा एक रकाना मी आखलाच नव्हता. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी तेल्हाऱ्यापर्यंत घालून आले आणि कळसा दिसला नाही.

कोलंबोच्या विमानतळावर मशीन कसं लखलखीत होतं! फरशीत तोंड दिसत होतं. मी कार्ड घातलं, गोड प्रश्नाला 'नाही' म्हटलं, वरखर्चाचे त्यांचे रुपये काढले आणि बायांकडे विजयी नजरेने पाहिलं. ज्या नऊ जणींनी एजंटाचं कार्ड घेतलं होतं त्या अजून आपापला पिन शोधत होत्या.

हॉटेलात पोचले आणि फोनला वायफाय लागला तोच मुलाचा कॉल. "आई, इतके कायले काढले एकदम?"

मला आधी कळेचना. म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"मेसेज आला ना मले. रुपयात किती झाले माहीत हाये का?"

मला माहीत होतं. वहीत लिहिलेलं होतं. मी त्याला समजावलं, दर वेळी शुल्क लागतं म्हणून एकदम काढले. तो म्हणाला, बरं, बरं, सांभाळून. मी फोन ठेवला तेव्हा वाटलं, काळजी करतो बिचारा.

कँडीत एका दुकानात मी कार्डावर एक साडी घेतली. तिथली सुती, निळी, बारीक काठाची. अजून पिशवी हातात पडायची होती आणि दुकानाच्या वायफायवर फोन वाजला. "आई, साड्या इथं नाई भेटत का?" तो हसत होता. मागून सुनेचा आवाज आला, "काहून विचारता? घेऊ द्या ना त्याईले." दुकानदार बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. पगार सुरू झाल्यापासून मी किती साड्या घेतल्या असतील, नवऱ्यानेही कधी विचारलं नव्हतं. ज्याचं ढुंगण मी धुतलं, तो मला दोन हजार किलोमीटरवरून साडीचा जाब विचारत होता आणि त्याला ती थट्टा वाटत होती. मला अंगावरून पाल गेल्यासारखं झालं. पण मी दुकानदार बाईकडे पाहून हसले. आईपणाची एक घाणेरडी सवय असते, मुलाची लाज आपण गिळायची.

अनुराधापूरला आम्ही सकाळी पोचलो. महाबोधी वृक्षाला वंदन झालं. तिथल्या एका विहारात दानाची चौकशी केली, तर दुसराच दिवस मोकळा होता. तिथल्या व्यवस्थापकाने मोठी वही उघडली. नाव विचारलं. मी आईचं नाव सांगितलं, त्याने त्याच्या लिपीत ते लिहिलं. ती गोल गोल अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण माझ्या आईचं नाव कुठल्यातरी वहीत पहिल्यांदाच एकटं लिहिलं गेलं होतं. कोणाची बायको नाही, कोणाची सून नाही. त्याने सांगितलं, पैसे दुपारपर्यंत रोख आणून द्या, म्हणजे बाजार करता येईल.

मी आणि मैत्रीण रस्त्यावरच्या मशीनवर गेलो. कार्ड घातलं, पिन टाकला. मशीनने नकार दिला. पुन्हा टाकलं. नकार. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर गेलो. तिथेही तेच, या कार्डाला परवानगी नाही. मागे एक परदेशी जोडपं उभं होतं, ते सौजन्याने दुसरीकडे पाहू लागलं. मैत्रीण म्हणाली, "पिन चुकला असन वो." पिन चुकला नव्हता. पिन आईच्या मृत्यूच्या सालाचा होता, तो मी कशी चुकणार?

एका उपाहारगृहात चहा घेतला, वायफाय मागितला आणि मुलाला फोन लावला.

"हो आई, मीच बंद केलं," तो म्हणाला. आवाजात काळजी होती आणि थोडी शाबासकीची अपेक्षाही. "तुमच्या ग्रुपमंधल्या एका काकूनं स्टेटस ठेवला, आज रत्नांच्या दुकानात जानार म्हनून. तिथं लय फसवतात, म्या नेटवर वाचलं. तू भोळी हायेस. तुले कोनी भरीस पाडलं तं? आता लागन तेवढे तुमच्यासंग आलेल्या त्या एजंटापासून घे, मी इथं त्याले ऑनलाइन टाकून देतो."

"चालू कर."

"कायले पाहिजेत, ते तं सांग."

मी सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. तुझ्या आजीच्या नावाने जेवण घालायचं आहे म्हटलं असतं तर त्याने लगेच चालू केलं असतं, वर स्वतःचे घातले असते, आणि बाबांचं नावही. पण माझ्या पैशाला कारण द्यायचं? आणि ते पटलं तर तो मंजूर करणार? माझी आई शनिवारी मजुरीचे पैसे मागायला मालकाच्या दारात उभी राहायची, तेव्हा तो असंच विचारायचा. कायले पाहिजेत वं? मिठाले की तेलाले? मी तिच्या लुगड्याला धरून ते ऐकलेलं आहे.

मी म्हटलं, "नको," आणि फोन ठेवला.

मैत्रिणीने काही विचारलं नाही. ती उपाहारगृहाच्या आत गेली, पाठमोरी उभी राहिली, आणि पोलक्यातून ती थैली काढून आली. घामाने ओली झालेली. डॉलर चौकातल्या दुकानात बदलले. मी म्हणत राहिले, अमरावतीला गेल्यावर लगेच देते, अगदी लगेच. ती म्हणाली, "देजो ना. मी काय पळून चालली? माय वो, माह्या थैलीले कोनाचाच नंबर लागत नाई, एवढंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही भिक्खूंना वाढलं. भात, फणसाची भाजी, नारळाची तिथली चटणी, सांबोल. शेवटी पुण्यानुमोदनाच्या वेळी, म्हणजे दानाचं पुण्य गेलेल्या माणसाला देताना, एका वाटीत धारेने पाणी ओतायचं असतं. मी आईचं नाव मनात घेऊन पाणी ओतत होते आणि मला एकच वाटत होतं, की हेसुद्धा दुसऱ्याच्याच ओंजळीचं आहे. फणस सुरेख झाला होता म्हणतात. मला त्याची चव आठवत नाही. मला तेव्हा माझा मुलगा नकोसा वाटला होता, हे मी आज लिहिते, कारण ते खरं आहे.

परतताना मी बडनेऱ्याला न उतरता अकोल्याला उतरले. मुलगा स्टेशनवर आला होता. त्याने बॅगा घेतल्या, पायाला हात लावला. घरी सुनेने चहा केला. ती एका खासगी शाळेत शिकवते. मी चहाला हात न लावता त्याला म्हटलं, "माझं कार्ड बंद करायचा अधिकार तुला कोणी दिला?"

"आई, तुह्या भल्यासाठीच केलं ना."

"माझं भलं तुझ्या फोनमध्ये कोणी घातलं?"

तो खरोखर गोंधळला. रागावला नव्हता. "तूच तं देलं," तो म्हणाला. "सिमकार्ड तूच माह्या हातात देलं. आन् इतके वर्षं कधी म्हटलं का, मले दे म्हनून?"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दुधाचं पातेलं झाकायला आत वळली. तिच्या पगाराच्या खात्याला कोणाचा नंबर आहे, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं म्हणा. घर तिला चालवायचं होतं, मी तर संध्याकाळच्या गाडीने निघून जाणार होते.

पण संध्याकाळच्या गाडीने मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल्हाऱ्याची एसटी धरली. तोच अधिकारी, टाय दुसरा. नंबर बदलायचा म्हटल्यावर त्याने विचारलं, "मुलाले माहीत हाये ना, मॅडम? मंग नंतर तक्रार नको."

मी आवाज न चढवता म्हटलं, "फॉर्म द्या." आवाज न चढवल्यावर माझे विद्यार्थी जास्त घाबरायचे, तोही घाबरला. मी फॉर्म भरला, आधार जोडलं, सही केली. मोबाईल नंबरच्या रकान्यात माझा नंबर लिहिला. दहा आकडे, दहा चौकोन. आकडा एकही चौकोनाबाहेर गेला नाही. तो म्हणाला, दोन दिवसांत होईल. मी बाकावर बसून पाणी प्यायले. बऱ्याच दिवसांनी पाण्याला पाण्याची चव लागली.

तेवढ्यात एक बाई जवळ आली. चाळिशीची असेल, पायात धुळीने भरलेल्या चपला, हातात कोरा फॉर्म. बँकेत लिहिता येणारं माणूस दिसलं की आमच्याकडे असा फॉर्म पुढे करतातच. "बाई, एवढं भरून द्या ना. खातं काढाचं हाये. लाडक्या बहिनीच्या पैशाचं."

मी पेन उघडलं. नाव. गाव. जन्मतारीख आधार पाहून. मग मोबाईल नंबर. पेन थांबलं.

"नंबर कोणाचा टाकू?"

"मालकाचा टाका. हा घ्या, चिठ्ठीवर लिवून देला त्याईनं."

"तुमच्याकडे नाही का फोन?"

"हाये ना." तिने कमरेच्या पिशवीतून साधा बटणांचा फोन काढून दाखवला. त्याला रबर लावलेलं होतं.

तेव्हा मला आठवलं. याच शाखेत, याच बाकावर, माझ्या एका विद्यार्थिनीची आई असंच म्हणाली होती, "माह्याकडं हाये ना बाई, फोन." आणि मी, वीस फॉर्म उरकायच्या घाईत, म्हटलं होतं, "तुले मेसेज वाचता येते का? मग?" तिने फोन परत पदराखाली घातला होता. पुढे ती दोनदा शाळेत येऊन विचारून गेली, बाई, पोरीचे पैसे आले का? आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला विचार, निरोप त्याच्याकडे येतो. असं मी किती जणींना केलं? एका दुपारी वीस. ती पिचकारी माझी होती, आणि मी नाकाला पदर लावून जगभराची घाण मोजत फिरत होते.

मी त्या बाईला म्हटलं, "ऐका माझं. तुमचा नंबर टाकू. पैसे आले की तुमच्याच फोनला आवाज येईल. वाचता नाही आलं तर लेक वाचून दाखवेल." मी बरंच बोलले. स्वतःचं कार्ड, श्रीलंका, बंद पडलेलं मशीन, सगळं सांगितलं. मला वाटलं, मी एक तरी फॉर्म नीट भरून जाईन.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग फोनला रबर लावला आणि तो पिशवीत ठेवला.

"बाई, तुमचं खरं हाये," ती म्हणाली. "पन तुमी इथून अमरावतीले जासान. मले घरी जा लागते. चिठ्ठीतला टाका."

मी चिठ्ठीतला नंबर टाकला. दहा आकडे, दहा चौकोन. माझं अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.